बायकांचं सामुदायिक किचन, पुणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, दारात, व्हॉट्सॲपवर रोज साधारण हेच प्रश्न येतात, आणि बारा वाजता डबे भरायच्या गडबडीत कुणालाच नीट उत्तर देता येत नाही, मग माणसं नाराज होऊन जातात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. मी इथे खरेदी आणि हिशोब बघते, कुणी आली नाही तर पोळ्यांनाही बसते.

हे नक्की आहे काय? खानावळ, अन्नछत्र की संस्था?

बघायला खानावळच आहे. पर्वती पायथ्याच्या बाजूला वस्तीत दोन खोल्या, पुढे पत्र्याची शेड, सहा जणी, रोज साधारण 120 थाळ्या, रविवारी बंद. फुकट काही नाही. फरक आहे तो हिशोबात. नेहमीच्या धंद्यात आधी थाळीचा भाव ठरतो, मग तो जमवायला भाजीवाल्याशी घासाघीस होते, आणि तरीही नाही जमलं की शेवटी राबणाऱ्या बाईचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, कापला जातो. आम्ही उलट्या टोकाने सुरू करतो. आधी बाईचा रोज, मग शेतकऱ्याचा भाव, मग गॅस-भाडं, आणि जी बेरीज येईल तोच थाळीचा भाव. तो काही जणांना जड जातो हे माहिती आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

पुण्यात असं आधी कुणी केलंय का?

खूप आधीपासून. 1877 च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून उपाशी पोरांना जेवू घातलं होतं. 1974 साली बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली, हमाल, रिक्षावाले, हातगाडीवाले यांच्या खिशाला परवडेल असं जेवण, ना नफा ना तोटा, आणि भाकरी थापणाऱ्या बायकांना हक्काचं काम. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी तिथली झुणका-भाकर खातच मोठ्या झाल्या, त्यांचे वडील भवानी पेठेत हमाली करायचे.

मुंबईत 1975 ला प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. या बायका गिरणी कामगारांना महिनाभर उधारीवर जेवू घालायच्या, म्हणजे कामगाराचा पगार होईपर्यंत किराणा सावकाराच्या पैशातून भरायचा आणि व्याज स्वतःच्या कष्टातून फेडायचं. मंडळ झाल्यावर त्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. हे मी मुद्दाम सांगते कारण खानावळ चालवणारी बाई बुडते ती स्वयंपाकात नाही, उधारीत बुडते.

सरकारी झुणका-भाकर केंद्रं पण आठवत असतील, 1995 ला एक रुपयात सुरू झालेली. अनुदान आटलं आणि ती बंद पडली. म्हणून आम्ही ठरवलं की रोजचं किचन रोजच्या थाळीवरच चालायला पाहिजे, देणगी आली तर ती भांड्यांना आणि दुरुस्तीला.

शिवभोजन थाळी 10 रुपयाला मिळते, तुमची 80 ला का?

शिवभोजन 26 जानेवारी 2020 ला सुरू झालं. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. गिऱ्हाईक 10 रुपये देतं पण शहरात थाळीचा दर 50 रुपये धरलेला होता, वरचे पैसे सरकार देणार. म्हणजे 10 रुपयात थाळी तयार होत नाही, कुणीतरी बाकीचे भरतं. ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याला ती थाळी मिळायलाच हवी आणि ती केंद्रं नीट चालावीत असं मला मनापासून वाटतं.

आमचे 80 असे जातात: माल 34, बायकांचा रोज 24, गॅस 6, भाडं आणि लाईट 8, साबण-पॅकिंग-किरकोळ 5, शिल्लक 3. दिवसाला 120 थाळ्या झाल्या तर 24 प्रमाणे 2,880, सहा जणींत 480 रुपये रोज, साधारण सहा तासांचा. हा हिशोब भिंतीवर खडूने लिहिलेला असतो, कुणीही वाचा. थाळ्या 90 वर आल्या तरी रोज तोच राहतो, खड्डा आधी शिलकीतून भरतो, मग माझ्या मानधनातून, आणि लागोपाठ दोन आठवडे असं झालं तर सगळ्या बसून ठरवतो काय करायचं ते. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि एकट्या राहणाऱ्यांना 40 ला देतो, उरलेले 40 काही नेहमीची गिऱ्हाईकं स्वतःहून भरतात, त्याची वेगळी वही आहे.

कोण बायका काम करतात? त्यांची माहिती मिळेल का?

मिळणार नाही, आणि यात माझं मत बदलणार नाही. घरकाम सुटलेल्या आहेत, कचरा वेचणाऱ्या होत्या, नवऱ्याने टाकलेल्या आहेत, बुधवार पेठेतून बाहेर पडलेली आहे, एक तृतीयपंथी मैत्रीण आहे. कोणती कोण हे आम्ही सांगत नाही. पत्रकार येतात, फोटोवाले येतात, चांगल्या हेतूनेच येतात, आणि पहिला प्रश्न असतो "तुमची स्टोरी काय?" अहो, तिची स्टोरी ही की तिची पोळी टम्म फुगते. तिच्या आमटीला काय चव आहे ते विचारा, ती तासभर सांगेल. बाकीचं तिला वाटलं तर ती सांगेल, कधी, कुणाला ते तिचं ती बघेल.

पैसे कसे देता?

आठवड्याला, शनिवारी, थेट तिच्या एकटीच्या बँक खात्यात. सुरुवातीला रोख द्यायचो, मग कळलं की दोघींचे पैसे गल्लीच्या तोंडाशीच काढून घेतले जातात. खातं काढायला एकेकीला तीन-तीन चकरा झाल्या, आधारवर नाव एक आणि रेशनकार्डावर माहेरचं, मोबाईल नंबर दिराचा, असलं सगळं. एकीने पहिल्यांदा एटीएममधून 500 रुपये काढले तेव्हा ती नोट दोन दिवस मोडली नव्हती, पाकिटात घडी घालून ठेवली होती, तिसऱ्या दिवशी पोरीला चप्पल घेतली.

अडीअडचणीला उचल मिळते, व्याज नाही, पुढच्या आठ आठवड्यांत वळती होते. आणि प्रत्येकीचा 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढलेला आहे, वर्षाला 20 रुपये, अपघातात गेली किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख. उकळत्या तेलापाशी काम करणाऱ्या बाईचा हा तरी असलाच पाहिजे. तुमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा काढलाय का बघा, बँकेत पाच मिनिटांचं काम आहे.

भाजी-धान्य कुठून आणता? मार्केटयार्डात स्वस्त नाही का मिळणार?

मिळतं ना, कधीकधी निम्म्याने मिळतं. तरी जमेल तेवढं थेट घेतो. तांदूळ मावळातला इंद्रायणी, सणावाराला मुळशीचा आंबेमोहोर, नाचणी भोर-वेल्ह्याकडून, बाजरी शिरूरची, वाटाणा सीझनला पुरंदरचा. कांदा-बटाटा, तेल, साखर मात्र गुलटेकडीच्या मार्केटयार्डातच, तिथे आमची ताकद पुरत नाही.

मेथीचं सांगते, म्हणजे सगळं कळेल. भोरकडचे एक काका आहेत, त्यांनी मला एकदा बाजाराची पट्टी दाखवली. वर शेकडा जुड्यांचा भाव, खाली एकेक वजावट, हमाली, तोलाई, टेम्पोचं भाडं, आणि सगळ्यात खाली हातात आलेली रक्कम, ती बघून मला काय बोलावं तेच कळेना. बायको आणि सून पहाटे चारला उठून जुड्या बांधतात त्याचा तर त्या कागदावर कुठे उल्लेखच नाही. भाव पार पडला की ते मेथीत रोटाव्हेटर फिरवतात, कारण काढायची मजुरीही निघत नाही.

मग आम्ही त्यांच्याशी सीझनचा भाव ठरवला, जुडी 10 रुपये. बाजारात 4 झाली तरी 10, 25 झाली तरी 10, फक्त भाव वर गेला की निम्मा माल त्यांनी खुशाल बाजारात न्यायचा. पहिल्या पावसाळ्यात भाव 30 ला गेला, मला वाटलं आता काका येत नाहीत. सकाळी साडेसहाला टेम्पोतून कॅरेट उतरलं, पूर्ण ठरल्याएवढं. त्या आठवड्यात आम्ही आपणहून 15 ने पैसे दिले. लेखी करार काही नाही, वहीत एक ओळ आणि दोघांची सही.

कायद्याचं विचाराल तर 2016 मध्ये महाराष्ट्रात फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, त्यामुळे शेतकऱ्याला बाजार समितीच्या बाहेर थेट विकायला अडचण नाही. अडचण आहे ती वाहतुकीची. एकट्या किचनसाठी 30 जुड्या आणायला टेम्पो परवडतच नाही, म्हणून आजूबाजूच्या दोन सोसायट्यांची भाजी त्याच टेम्पोत येते आणि भाडं वाटून जातं. हे जमलं नसतं तर बाकी सगळं बोलणंच राहिलं असतं.

आज काय आहे? आठवड्याचा मेनू आधी का देत नाही?

कारण शेतात काय तयार आहे ते सोमवारी ठाऊक नसतं. सकाळी सातला ग्रुपवर टाकतो. पोळी किंवा भाकरी, एक पालेभाजी किंवा फळभाजी, एक कडधान्य किंवा आमटी, भात, आणि चटणी-कोशिंबिरीपैकी एक. थंडीत बाजरीची भाकरी, वर तीळ लावून, उन्हाळ्यात ज्वारी आणि नाचणीचं आंबील. बाजरी उन्हाळ्यात मागू नका, ती उष्ण पडते असं आमच्या मावशी म्हणतात आणि त्या करणारही नाहीत.

भाताची तक्रार येते की चिकट झालाय. नवा इंद्रायणी असतो तेव्हा तो चिकटच होतो, दिवाळीनंतर काही महिने पाणी कमी घालावं लागतं, पातेल्यापरत अंदाज बदलतो. हाताने कालवून खायचा भात आहे तो, आमटी घालून बघा. आंबेमोहोर त्याहून नाजूक, उतारा कमी म्हणून महाग, पण झाकण काढलं की वास पार गल्लीत जातो आणि त्या दिवशी पोरं शाळेतून थेट इकडेच येतात.

नॉनव्हेज असतं का?

बुधवारी अंडा रस्सा, महिन्यातून एकदा सुकट किंवा चिकन. भांडी वेगळी, पण चूल एकच. ज्यांना चालत नाही त्यांनी त्या दिवशी डबा बंद ठेवा, त्या दिवसाचे पैसे घेत नाही.

स्वयंपाक कुठल्या समाजाच्या बायका करतात?

हा प्रश्न अजून येतो. आडून येतो, "तसं काही नाही हो, घरी आईंना विचारायचं असतं म्हणून", पण येतो. उत्तर एकच, आम्ही सांगत नाही, आणि हे विचारून डबा लावणार असाल तर लावू नका.

याच पुण्यात 2017 साली, सोवळ्याच्या स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईंनी जात लपवली, सवाष्ण आहे असं सांगितलं, म्हणून पोलिसात तक्रार झाली होती. पेपरात आलं, निदर्शनं झाली, नंतर तक्रार मागे घेतली गेली. आमचं किचन तेव्हा नव्हतं, पण आमच्यातल्या ज्या यावर बोलल्या त्या सगळ्या दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या होत्या, आणि प्रत्येकीला असा एक तरी प्रसंग माहिती होता. कुणाला कप वेगळा, कुणाला देवघराच्या बाजूने जायचं नाही, कुणाला मंगळसूत्र नाही म्हणून पुरणाला हात लावायचा नाही. आमच्याकडे पुरण वाटतात त्या दोघी विधवा आहेत. होळीला रांग लागते त्या पोळ्यांना. 1868 साली जोतीरावांनी आपल्या वाड्यातला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्या पाण्याच्या गावात आपण राहतो, एवढंच मी फोनवर म्हणते.

लायसन्स आहे का? स्वच्छता?

आहे. एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर दारावर आणि प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे. सिलिंडर निळा, 19 किलोचा व्यावसायिक, घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे आणि स्वस्त पडतो म्हणून बरेच जण वापरतात ते धोक्याचं आहे. पाण्याची तपासणी, बायकांची आरोग्य तपासणी, दोन्हीचे कागद बघायला मिळतील.

एकदा चूक झाली ती सांगते. मे महिन्यात तुरीची आमटी अकराला झाली, गाडी बंद पडली म्हणून डबे दोनला पोचले, आणि काही डब्यांतली आमटी आंबली होती. कुणाला त्रास झाला नाही पण होऊ शकला असता. त्या दिवशीचे सगळे पैसे परत दिले आणि सगळ्यांना फोन केले. तेव्हापासून शिजलेलं अन्न 60 अंशांच्या खाली दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही हा नियम कडक पाळतो, थर्मामीटर भिंतीला टांगलेला आहे, आणि उन्हाळ्यात खोबऱ्याचं ओलं वाटण बंद. उशीर झाला तर डबा येणार नाही, पैसे येतील.

बायका कामावर असताना लहान पोरांचं काय?

मागची खोली त्यांचीच आहे. एक आजी बसतात, त्यांनाही तोच रोज मिळतो, पोळ्या लाटणारीला जेवढा तेवढाच. यावर सुरुवातीला आमच्यातच भांडण झालं होतं. आजी दोन दिवस आजारी पडल्या, चार बायका कामावर येऊ शकल्या नाहीत, भांडण मिटलं.

ॲपवर का नाही? ऑनलाइन मागवता आलं असतं.

करून बघितलं, दोन महिने. कमिशन गेल्यावर रोज 480 वरून खाली येत होता, म्हणून बंद केलं. डबा फोन करून नाहीतर ग्रुपवर सांगा, आदल्या रात्री नऊपर्यंत. कंपन्यांना देतो पण महिन्याची उधारी नाही, पंधरा दिवसांनी बिल. एका ऑफिसने तीन महिने पैसे थकवले होते, तेव्हा किराणा दुकानदाराने सांभाळून घेतलं म्हणून निभावलं, परत ते नको.

उरलेल्या अन्नाचं काय करता?

फार उरत नाही, मोजून करतो. पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी, संध्याकाळी पोरांना. ओला कचरा 'स्वच्छ'च्या, म्हणजे कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या, ताई नेतात, वेगळा करूनच देतो, कारण आमच्यातल्या एकीने ते काम वीस वर्षं केलंय आणि मिसळलेल्या कचऱ्यात हात घालणं काय असतं ते तिने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं.

वाढदिवसाला शंभर लोकांना जेवण द्यायचंय, चालेल?

चालेल, आठ दिवस आधी सांगा आणि थाळीचे पूर्ण पैसे भरा. बॅनर लावायचा नाही, जेवणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत. धान्य देणार असाल तर विचारून द्या, घरातलं जुनं पीठ, किडलेली डाळ, मुदत संपलेली बिस्किटं आणू नका, ती टाकायचं कामही आम्हालाच लागतं. मोठी पातेली, परात, काठवट, पोलपाट मात्र कधीही आणा, तांब्या-पितळेचं असेल तर कल्हई आम्ही करून घेऊ.

मदतीला येऊ का? मला स्वयंपाक येतो.

स्वयंपाकाला नको, ते त्यांचं कमाईचं काम आहे, तुम्ही फुकट केलंत तर कुणाचा तरी रोज जातो. पण बँकेत सोबत जाणारं, सरकारी फॉर्म भरणारं, पोरांचा अभ्यास घेणारं, दोन तास गाडी चालवून डबे पोचवणारं माणूस आम्हाला कायम कमी पडतं.

पूर किंवा लॉकडाऊनसारखं काही झालं तर?

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आमची शेड नव्हती, पण आमच्यातल्या दोघींची घरं पाण्यात गेली होती. सकाळी एका देवळाच्या ओट्यावर तीन दगडांची चूल मांडून खिचडी टाकली, ज्यांच्या घरात चिखल होता त्याच बायका ढवळत होत्या. लॉकडाऊनमध्ये परत तसंच. इथल्या बऱ्याच जणी एकमेकींना ओळखायला लागल्या त्या अशाच, आणि किचन काढायचं त्यातूनच सुचलं. आता अशा वेळेसाठी 50 किलो तांदूळ, 15 किलो मूगडाळ आणि एक भरलेला सिलिंडर वेगळा ठेवतो, त्याला हात लावायचा नाही.

आमच्या भागात सुरू करायचंय, काय काय लागेल?

पैशाआधी बायका लागतील. चार-पाच जणी ज्या एकमेकींवर विश्वास ठेवतात, त्यांचा आधी बचत गट करा, सहा महिने नुसती बचत आणि मीटिंग करा, त्यात कोण वेळेवर येतं, हिशोबात कोण चोख, कुणाचं कुणाशी पटत नाही ते कळतं. महापालिकेच्या समाज विकास विभागात गटाची चौकशी करा.

मग 30 डब्यांनी सुरू करा, घरच्याच भांड्यांत. आम्ही पहिल्याच महिन्यात मोठी भट्टी घेतली ती चूक होती, चार महिने पडून होती आणि हप्ता चालू. जागा पाण्याचा नळ बघून घ्या, भाडं बघून नाही, कारण नळ लांब असला की सगळी ताकद हंडे वाहण्यात जाते. पोळ्यांची कणीक आदल्या रात्री भिजवू नका, पहाटे माणूस वाढवा. लाटणाऱ्या बाईची पाठ दोन वर्षांत जाते, म्हणून खाली बसून लाटायचं बंद करा, कमरेएवढा ओटा करा, आमच्याकडे जुन्या दरवाजाच्या फळीचा आहे.

पापड, मसाला, लोणचं असं काही करणार असाल तर केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे, 2020 ला आलेली, त्यात 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख, आणि गटातल्या प्रत्येक बाईला 40 हजारांपर्यंत बीज भांडवल. ते प्रक्रियेला आहे, रोजच्या डब्यांना नाही, आणि सध्याची मुदत कृषी विभागाच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. डिसेंबरात भीमथडी जत्रेत बचत गटांचे स्टॉल असतात, तिथे एक दिवस नुसतं फिरा, बायकांशी बोला, भाकरीचा स्टॉल चालवणारीकडून जे कळतं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळत नाही.

बघायला कधी येऊ?

सकाळी आठ ते दहा, सोमवार ते शनिवार. चपला बाहेर, केस बांधलेले हवेत. बाराच्या सुमारास येऊ नका, तेव्हा कुणी मान वर करत नाही. आलात तर मागच्या खोलीत पोरं असतील, त्यांच्यासाठी खाऊ आणायचाच असेल तर चॉकलेट नको, फळं आणा, पंधरा पोरं आहेत.